घरातली सिस्टर

मामाजी,

परवा विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बोरगावातली आपली सगळी गल्ली आली होती, एसटीतले तुमचे जुने सोबती आले होते. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलू लागला. आपल्या मागच्या घरात नवीन राहायला आलेले ते गृहस्थ उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "काका अत्यंत मितभाषी होते." मी खाली पाहत होते. हळूच मान वळवली तर आईही माझ्याकडेच बघत होत्या. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागलो. लोकांना वाटलं रडतोय. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मात्र मला खरंच रडू फुटलं.

तुम्ही आणि मितभाषी! वर्धा-नागपूर गाडीवर कंडक्टर होतात तेव्हा पवनारला चढलेल्या माणसाशी तुम्ही केळझर येईस्तोवर सोयरीक काढायचात. कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कोणाची म्हैस आटली, कोणत्या भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून वाजलं, सगळं तुम्हाला तिकिटाबरोबर मिळायचं आणि संध्याकाळी जेवताना ते आम्हाला ऐकावं लागायचं. निवृत्त झालात तेव्हा गाडी सुटली, बोलणं सुटलं नाही.

त्या गृहस्थांचं काही चुकलं नाही. ते राहायला आले तेव्हा तुमची अर्धी जीभ आणि उजवीकडचा जबडा काढून झाला होता.

मलाही बोलायला सांगितलं. "सूनबाई स्वतः नर्स आहेत, त्यांनी शेवटपर्यंत केलं, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले नाही. काय केलं ते चार लोकांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि जे राहून गेलं ते तुमच्याशिवाय कोणाशी बोलण्यासारखं नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी वर्ध्याच्या दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होते. अजूनही आहे. आपल्याकडे सासरा सुनेला नावाने हाक मारतो, नाहीतर बाई म्हणतो. तुम्ही पहिल्याच सकाळी बाहेरच्या खाटेवरून आवाज दिलात, "ओ सिस्टर, चहा भेटन काय?" आई रागावल्या होत्या. घरची सून आहे, दवाखाना आहे काय हा, म्हणाल्या. तुमचं ते सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. इतरांसाठी मी प्रशांतची बायको होते. माझ्या कामाच्या नावाने मला हाक मारणारे तुम्ही एकटे.

आपलं भांडण एकच होतं, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून आणलेला तो तोबरा दिवसभर तुमच्या उजव्या गालात असायचा. मी वॉर्डातून घरी यायची ती तसल्याच गालांची ड्रेसिंग करून. एकदा मी चिडून म्हणाले, "मामाजी, आमच्या वॉर्डात या एकदा. खाटेखाटेवर तुमचे खर्राभाऊ झोपले आहेत." तुम्ही शांतपणे पिंक टाकून आलात आणि म्हणालात, "माह्या बापानं मरेस्तोवर खाल्ला. मेला कायनं? साप चावून. तू पहिले सगळे साप मारून टाक, मंग म्या खर्रा सोडतो."

प्रशांत हसला, आई हसल्या, मीही हसले. तुमच्याशी भांडणात कोणी जिंकायचं नसतं, हे मी तोवर शिकले होते.

मग एके दिवशी तुम्ही ठेच्याची वाटी बाजूला सरकवलीत. हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय तुमची भाकर कधी उतरली नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही दुधात भाकर कुस्करून खाऊ लागलात. विचारलं तर "दात ठणकते" म्हणालात. माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या वॉर्डात आम्ही माणसाला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. तोंड तेवढं उघडत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मी तुम्हाला म्हणाले, "एकदा तीन बोटं घालून दाखवा बरं."

"सासऱ्याले कोनी तोंडात बोटं घालाले लावते काय वं?" असं म्हणून तुम्ही चपला घातल्यात आणि चौकात निघून गेलात. मी प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, दातच असेल, तुला सगळीकडे कॅन्सर दिसतो. खरं आहे ते. मला सगळीकडे कॅन्सर दिसतो. म्हणून मीही स्वतःला दटावलं आणि दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणून तुमच्या मागे लागले. तुम्ही हो हो म्हणत राहिलात.

शेवटी मला कळलं ते वासावरून. चहाचा कप द्यायला वाकले होते. तो वास मी दुसऱ्या कशाचा समजूच शकत नव्हते. कप तुमच्या हातात दिला, स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. गॅसवर दूध उतू गेलं तरी मला हलता येईना.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला जवळजवळ ओढतच नेलं. ज्या डॉक्टरांबरोबर मी रोज काम करते त्यांनीच टॉर्च लावून पाहिलं. मी त्यांच्या खांद्यामागून पाहत होते. त्यांनी टॉर्च बंद केला आणि तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. वॉर्डात नातेवाइकांकडे ते असं बघतात. तेव्हा मी बाजूला उभी असते आणि माझ्या हातात त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास असतो. त्या दिवशी मला पाणी कोणी दिलं नाही. द्यायचं माझंच काम होतं ना.

परत येताना ऑटोत मी तुम्हाला विचारलं. आवाज चढलाच माझा. घरात नर्स असताना तुम्ही एवढे महिने जखम लपवलीत काऊन? मले एकदा तोंड उघडून दाखवलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही तोंड बाहेर वळवलंत. मग म्हणालात, "तुले दाखवलं असतं तर तू सांगतलं असतं."

मामाजी, त्या वाक्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले, की लवकर दाखवा, लवकर दाखवा. आणि माझ्याच घरात माणूस माझ्यापासून तोंड लपवून होता, ते केवळ मला कळेल म्हणून. मी नर्स नसते, कुठे शाळेत शिकवत असते, तर दाखवलं असतंत का? त्यावर नीट बोलू म्हणत होते. पुढे तुमच्याकडे वाद घालायला जीभ उरली नाही, आणि जीभ नसलेल्या माणसाशी वाद घालायचा मला धीर झाला नाही.

ऑपरेशनला तुम्ही तयार नव्हतात. "बिनाजिभीचा कंडक्टर काय कामाचा?" म्हणालात. मी म्हटलं, तुम्ही आता कंडक्टर नाही. तुम्ही म्हणालात, "हे कोनं सांगतलं तुले?" मग हळू आवाजात विचारलंत, "तुह्या वार्डात मानसं बोलते काय नंतर?" मी म्हणाले, बोलतात. ऐकणाऱ्यालाच वेळ लागतो. त्यावर तुम्ही तयार झालात. माझा सल्ला बरोबर होता. आजही दुसऱ्या कोणाला मी तोच देईन. पण तुम्ही डॉक्टरांच्या नाही, माझ्या शब्दावर गेलात, हे मनातून जात नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तुम्ही वॉर्डभर फिरून बोललात. आर्वीकडच्या एका म्हाताऱ्याला तुम्ही जुन्या गाड्यांच्या वेळा म्हणून दाखवत होतात आणि तो डोळे मिटून ऐकत होता. मी ओरडले तेव्हा म्हणालात, "आज बोलून घेतो, सिस्टर. उद्या गाडी बंद होते."

त्यानंतर नाकातून नळी, छातीवरचं कातडं गालाला, मग रेडिएशनचे शेक. घरी आलात तेव्हा तुमचा अर्धा चेहरा नवीन होता. तुम्ही बोलत होतात, पण ते कोणाला समजत नव्हतं. जिभेने काढायचे आवाज गेले होते आणि ओठांचे तेवढे राहिले होते. सिस्टरचं "ई-अऽ" झालं होतं. आईंना काही समजायचं नाही, त्या नुसत्या मान हलवायच्या, आणि तुम्ही चिडायचात. प्रशांत "लिहून दाखवा बाबा" म्हणून पाटी घेऊन आला. ती पाटी तुम्ही खाटेखाली सरकवून दिलीत.

मला समजायला लागलं. कौतुकाचं काही नाही त्यात, माझा रोजचा व्यवहारच तो. अक्षरं सोडून द्यायची आणि वाक्याची चाल धरायची. आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, तुम्ही बघताय कुठे. सगळ्यात आधी मला कळलेलं तुमचं वाक्य म्हणजे "जेवली काय?" मी दुपारपाळी करून आले की तुम्ही ते विचारायचात. तुमच्या स्वतःच्या पोटात सगळं नळीतून जात होतं. पातळ आंबील, गाळलेलं वरण, दूध. मी मोठी सिरिंज वर धरून उभी असायची, आणि तुम्ही खालून विचारायचात, जेवली काय.

मग मी तुमची दुभाषी झाले. कोणी भेटायला आलं की तुम्ही बोलायचात आणि मी सांगायची. केळझरचे नामदेवभाऊ ड्रायव्हर आले होते तो दिवस आठवतो? तुमच्या गाडीवर इतकी वर्षं तेच होते. खुर्ची अगदी खाटेजवळ ओढून बसले, मग लाजत लाजत म्हणाले, "तुमच्या धम्मात बसते का नाई मले माहीत नाई, पन म्या केळझरच्या गणपतीले तुमच्यासाठी नवस बोलून आलो."

तुम्ही काहीतरी लांबलचक बोललात. मला शब्द न् शब्द समजला होता, पण आलेल्या माणसाला कसं सांगायचं? मी म्हणाले, "मामाजी म्हणतात, बरं वाटलं."

तुम्ही खाटेच्या लोखंडावर हात आपटलात. नाई. म्या बोललो तेच सांग.

मग मी सांगितलं. "ते म्हणतात, तू गाडी चालवत होता तवा म्या बी रोज त्याच गणपतीले बोलत होतो."

नामदेवभाऊ एवढे हसले की खुर्ची मागे सरकली. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही. तुम्ही त्यांच्या गुडघ्यावर थोपटत होतात. घरातलं ते शेवटचं मोठं हसणं.

मानेतली गाठ माझ्याच हाताला लागली. आंघोळीनंतर तुमचा गळा पुसत होते. कानाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी, टणक, हलत नसलेलं. तुमचं बोलणं चालूच होतं. मी टॉवेल फिरवत राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. आता आणखी काही करण्यात अर्थ नाही, त्रासच होईल, म्हणाले. मग मला धीर द्यायला म्हणाले, "घरी न्या. घरी तुम्ही आहातच."

नंतर जो तो हेच म्हणू लागला. नशीबवान आहात काका, घरात नर्स आहे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, प्रशांतचे मामा म्हणायचे, आईसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या घरात दवाखाना आहे. माझ्याजवळ होतं काय, मामाजी? पट्ट्या, कापूस, जखमेचा वास घालवायची पूड आणि मॉर्फिनच्या गोळ्या. त्या मी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची. आई त्यांना नशेच्या गोळ्या म्हणायच्या आणि सवय लागेल म्हणून घाबरायच्या. सवय लागायला पुढे दिवस हवेत ना, असं माझ्या ओठांवर यायचं आणि मी गिळून टाकायची.

गाठ फुटून जखम झाली तेव्हा पहिला प्रश्न ड्रेसिंग कोणी करायचं हा निघाला. हसू येतं आता. आई म्हणाल्या, "सुनेनं सासऱ्याच्या आंगाले हात लावाचा, बरं दिसते काय?" गळा पुसणं चालत होतं, नळी चालत होती, पण जखम उघडी करून तिच्यासमोर बसणं नको होतं. खरं म्हणजे नको तुम्हालाच होतं. तुम्ही दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. प्रशांत दारात उभा होता. त्याने दोन पावलं आत टाकली, वास आला, आणि तो बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. ती गाडी त्या महिन्यांत जेवढी चमकली तेवढी नवीन असतानाही चमकत नव्हती.

मी आत गेले. दोरीवरचा वॉर्डातला ड्रेस काढून घातला, केस वर बांधले. मागच्या दाराने निघून घराला वळसा घातला आणि पुढच्या दारावर टकटक केलं. तुम्ही मान वळवलीत. मी म्हणाले, "काका, मी सिस्टर. ड्रेसिंगला आले."

तुम्ही वरपासून खालपर्यंत माझा ड्रेस बघितलात. मग स्वतःच्या हाताने दुपट्टा सोडलात.

मामाजी, माझ्या सगळ्या नोकरीत एवढी मोठी परवानगी मला कोणी दिली नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

जखम दुखायची. तेव्हा आपलं ठरलं, अंगठीने खाटेच्या लोखंडावर एकदा वाजवलं की मी थांबायचं, दोनदा वाजवलं की पुढे चालू. गाडीत तुम्ही ड्रायव्हरला घंटी द्यायचात तसंच. चिकटलेला कापूस मिठाच्या पाण्याने भिजवत मी हळूहळू काढायची. टक. मी थांबायची. तुम्ही श्वास घ्यायचात, कपाळावर घाम यायचा. टक टक. मी पुन्हा सुरू करायची. काही दिवशी नुसतंच टक असायचं. मी हात वर धरून वाट बघत बसायची आणि दुसरं काही वाजायचंच नाही.

वॉर्डात एखाद्या माणसाचं दुखणं आमच्या हाताबाहेर गेलं की आम्ही दुसऱ्या खाटेकडे जातो. निष्ठुर म्हणून नव्हे, दुसरी खाट असते म्हणून. तिथे काहीतरी करता येण्यासारखं असतं, सलाइन लावायचं असतं, कोणाचा ताप उतरलेला असतो. हात पुन्हा कामाला लागतात. घरात दुसरी खाट नव्हती. डॉक्टरांना फोन करून डोस वाढवला, औषध दिलं, आणि ते चढेपर्यंत मला तुमच्यासमोर बसून तुमच्याकडे बघावं लागायचं. कुठे जाणार? स्वयंपाकघरात गेले तरी ऐकू यायचं.

मग मी चादरी बदलल्या. पांढऱ्या, फुलांच्या सगळ्या काढून पेटीत टाकल्या आणि गडद मरून, काळपट निळ्या अशा घेऊन आले, टॉवेलही तसेच. आईंनी विचारलं, "चांगल्या चादरी काऊन काढल्या?" मी म्हणाले, औषधाचे डाग निघत नाहीत. आईंना पटलं. त्या आत गेल्यावर तुम्ही मला बोलावलंत. भुवया उडवून विचारलंत, काऊन?

तुमच्याशी खोटं बोलून चालत नव्हतं. मी सांगितलं. जखमेजवळून मोठी नस जाते. कधीकधी ती फुटते. फुटली तर थांबवता येत नाही. गडद कपड्यावर रक्त कमी दिसतं, बघणाऱ्याला भीती कमी वाटते. सांगताना माझा आवाज वॉर्डातल्यासारखा सरळ होता. त्याबद्दल स्वतःला शाबासकी द्यावी की थोबाडीत मारावी, कळत नव्हतं.

तुम्ही चादरीवरून हात फिरवलात. तिचा कपडा कसा आहे ते बघत होतात की काय. मग म्हणालात, "पश्याले सांगू नको. त्याले लहानपनापासून रगत पाहवत नाई."

एवढंच. मग गडद चादरीवर झोपलात.

तोवर मी प्रशांतवर मनातून रागावलेली होते. स्वतःचा बाप, आणि हा बाहेर गाडी पुसतो. तुमच्या त्या वाक्यानंतर मला रागावता येईना. तो रोज तुमचे कपडे धुवायचा, औषधं आणायचा, दर संध्याकाळी तुमचे पाय चेपायचा. पायांकडच्या बाजूला बसायचा, म्हणजे मान दिसायची नाही. ते तुम्ही कधीच ओळखलं होतंत.

ऊन वाढलं तसं खिडकीत कूलर लावला. त्याच्या घरघरीत तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही तोंड उघडलं की मी उठून तो बंद करायची. तुमचं होईस्तोवर आपण घामाघूम व्हायचो.

शेवटच्या दिवशी दुपारी आई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. प्रशांत बाहेर गेला होता. दोन दिवसांपासून तुम्ही गुंगीतच होतात, छातीत खरखर चालली होती. मी वारा घालत बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत. एकदम स्वच्छ, गाडीत शेवटच्या सीटवरच्या माणसाला बघताना असतील तसे. आणि बोललात.

मी कूलर बंद केला. तोंडाजवळ कान नेला. "पुन्हा म्हणा."

तुम्ही पुन्हा म्हणालात. लांब वाक्य होतं. सुरुवातीला आवाज वर, मध्ये खाली, मग शेवटी विचारल्यासारखा जरासा वर. मी चाल धरायचा प्रयत्न केला. ती माझ्या ओळखीची नव्हती. पाणी नाही, कूस बदल नाही, जेवली काय नाही. ती सगळी वाक्यं मला झोपेतही समजली असती. हे आजवर तुम्ही कधी न बोललेलं होतं.

"प्रशांतला बोलावू?" तुम्ही मान हलवलीत, नाही. "दुखतंय?" नाही. "आईंना उठवू?" त्यावर मान हललीच नाही, नुसते बघत राहिलात. तिसऱ्यांदा बोलायला गेलात तर अर्ध्यातच श्वास संपला.

"नाही समजलं, मामाजी," मी म्हणाले. "मले नाई समजलं."

तुम्ही चिडला नाहीत. हात उचलून माझ्या मनगटावर ठेवलात आणि डोळे मिटलेत. गळ्याखाली घाम साचला होता. मी पुसला आणि कूलर सुरू केला.

दिवस मावळताना गेलात. आई उशाशी होत्या, प्रशांत पायांशी. ज्याची मी रोज भीती धरून बसले होते ते झालंच नाही. रक्ताचा थेंब आला नाही. श्वास विरळ होत गेला आणि थांबला. मी नाडी धरून होते. नाडी बंद झाल्यावर काय करायचं ते सगळं मला येतं. ते सगळं मी केलं.

आता जे सांगायचं आहे ते हे. आईंनी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कूलर बंद झाला तवा ते काय म्हनत होते वं?"

"समजलं नाही, आई."

"तुले तर सगळं समजते."

"ते नाही समजलं."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी भाकरी थापत असताना विचारलं, माठ भरत असताना विचारलं. एकदा म्हणाल्या, "माह्याबद्दल वाईट बोलले असतीन तरी सांग. मी काई म्हननार नाई." मी शपथ घेतली, तरी त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. माझ्याजवळ त्यांचं काहीतरी ठेवलेलं आहे आणि मी ते देत नाही, असं ते बघणं होतं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

काल पवनारहून तुमची बहीण आली होती. आत्याबाईंनी साधंच विचारलं, शेवटी काही बोलला का माझा भाऊ? मी काही म्हणायच्या आत आई बोलल्या, "माहं नाव घेतलं त्यायनं. शेवंता म्हनले." आणि माझ्याकडे वळून, "इचारा सुनेले. तेच होती तिथं."

मामाजी, तुम्ही उभ्या जन्मात आईंना नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. "ऐकते काय" म्हणायचात, नाहीतर "पश्याची माय." या घरात आईंचं नाव रेशनकार्डापुरतं होतं. ते नाव त्या स्वतःच्या तोंडाने उच्चारत होत्या. त्यांची नजर माझ्यावर होती. हनुवटी थोडी वर होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जात होतं.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "नावच घेतलं."

आई उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तुम्ही गेल्यापासून त्या आपणहून ओट्याकडे गेल्या त्या कालच.

घेतलंही असेल तुम्ही. ते वाक्य लांब होतं, त्यात कुठेतरी शेवंता बसण्याइतकी जागा होती. मी कपडे धुताना, बसमध्ये उभी असताना ते आठवते आणि तिथे ते नाव बसवून बघते. सुरुवातीला, मध्ये, शेवटी. कधी बसतं. कधी बसत नाही.